शेजारणीचा दात

"माझ्या हातून आजवर एकही दात तुटलेला नाही!" डोंगराच्या पायथ्याशी मी छाती फुगवून सांगितलं आणि चिमट्यासकट चिखलात बसलो.

"दाताचं सोडा, कंबर सांभाळा," दोरवाला म्हणाला. आम्हाला वर नेण्याची जबाबदारी त्याची होती, आणि तोंडाला लगाम नव्हता.

मोहीम वहिनीची. जुन्या हाडांवरून जुने आजार शोधणं हा तिचा धंदा. वर बर्फाळ डोंगरात एका खोल विवराच्या तळाशी हजारो वर्षांपूर्वीचे दोन सांगाडे सापडले होते. दाताच्या मुळात आजाराचा माग टिकून राहतो, म्हणून दातांचा डॉक्टर हवा. आणि फुकटात मिळणारा दातांचा डॉक्टर म्हणजे दीर! दादाला क्षयाने नेलं होतं. तो आजार माणसाच्या मागे कधीपासून लागलाय ते शोधायचंय, असं वहिनी सगळ्यांना सांगायची.

"खाली तोंड उघडायचं नाही, भाऊजी," तिने बजावलं. "तुमच्या थुंकीचा शिंतोडा दातावर पडला, तर त्याच्याऐवजी तुमचीच कुळकथा निघेल."

मग बोलायचं कसं? हातांनी! दोरवाल्याने खुणा शिकवल्या. तेव्हा माझं लक्ष डब्याकडे होतं.

चढताना स्टोव्ह दरीत गेला. त्याला एकटं वाटू नये म्हणून डबाही गेला. शेवटी आम्ही विवराच्या तोंडाशी पोचलो. पांढरे कपडे, तोंडाला पट्टी, हातमोज्यांवर हातमोजे! दोरवाल्याने वहिनीला आणि मला एकेक करून खाली सोडलं.

खाली गार, ओलसर शांतता होती. एका सांगाड्याचा कणा पार दुमडलेला होता. क्षय हाडात शिरला की असं होतं. हा माणूस चालूच शकत नसणार, म्हणजे कुणीतरी त्याला वर्षानुवर्षं भरवलं असणार. शेजारी एका बाईचा सांगाडा होता. तिची बोटं त्याच्या बोटांत होती.

वहिनी बघतच राहिली. मग तिने खूण केली: आधी त्याचा दात, मग तिचा.

मी चिमटा लावला. हलवला. हळूच ओढला. अख्खा! मुळासकट अख्खा! आनंदाने मी वर बघून अंगठा दाखवला.

दोरवाल्याच्या भाषेत अंगठा म्हणजे 'ओढ'.

सर्रकन मी हवेत! पाय भिंतीवर आपटले. दोन्ही हातांनी दोर धरायलाच हवा. चिमटा मनगटाला लटकत होता. दात? पट्टी खाली ओढली आणि दात तोंडात टाकला! पुढच्याच हिसक्याला माझी दाढ त्याच्यावर बसली. कट्ट!

"जिवंत आहात ना?" दोरवाला ओरडला.

"ऊं!"

तेवढ्यात वर उन्हाने वितळलेल्या बर्फाचं पाणी विवरात कोसळू लागलं. वहिनी खाली एकटी! चिमटा माझ्यापाशी! दोर खाली गेला, पण ती त्या बाईपाशी बसून राहिली. पाणी गुडघ्याला लागलं.

"मॅडम, दोर बांधा!"

ती उठेना. कमरेपर्यंत पाणी आलं. मग तिने दोर बांधला, एकदा मागे वळून पाहिलं आणि अंगठा वर केला.

वर आल्यावर मी दात तिच्या तळहातावर थुंकला. ती रागावली नाही. "बाहेरून धुतात, आतून कोरतात. चालेल," एवढंच म्हणाली.

"खाली कशाला थांबलीस? एक दात मिळाला ना?"

"मला त्या बाईचा हवा होता, भाऊजी. हिला त्याची लागण झाली होती का, तेवढंच बघायचं होतं." ती कपडे पिळत राहिली. "तुमचे दादा शेवटी मला खोलीत येऊ देत नव्हते. ताट दारात ठेव म्हणायचे. मीही ठेवायचे. हिने बघा, हात धरलाय."

दोरवाला दोर गुंडाळायला लागला. खाली विवर भरत होतं.

दात प्रयोगशाळेत गेला. मुळात क्षय सापडला. दादाच्या आजाराची खापरपणजी. सगळ्यांनी वहिनीचं अभिनंदन केलं. त्याच्या शेजारणीचं काही कळलं नाही. विवरात गाळ बसलाय. दर उन्हाळ्यात वहिनी दोरवाल्याला फोन करून पाणी उतरलं का, ते विचारते.

दोरावर तडकलेली माझी दाढ काढायला मी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. त्याच्या हातून आजवर एकही दात तुटलेला नाही, असं तो म्हणाला.

माझी दाढ तुटली.