पेरूखालचा बाज्या

डॉक्टरसाहेब, तुम्ही माणूस नव्हे, शिक्का आहात. शाई लागली की उमटायचं, एवढंच तुम्हाला येतं.

हे घडलेलं आहे. कुणाला पटो न पटो. साल चौऱ्याहत्तर, जोतिबाच्या यात्रेनंतरचा सोमवार, गाव कळंबा. माझे मामा आकाराम गवंडी यांच्या घरची गोष्ट.

मामांचा कुत्रा बाज्या. चौदा वर्षांचा. पोटात गाठ, मागचे पाय गेलेले. मामांचं मागणं एकच होतं. त्याला घरीच, तानामामीच्या मांडीवर, सुई देऊन सोडवा.

जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही बशीत चहा ओतत होता. मामांनी हात जोडले. तुम्ही म्हणालात, "कुत्र्याच्या घरी जायला मी काय त्याचा पाहुणा आहे?"

कंपाउंडर हसला. नाव-पत्ता तेवढा लिहून घेतला.

मामा तसेच परतले.

मग दोघांनीच त्याचं केलं. पोत्यावर निजवलं. तासातासाला कूस बदलली. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं.

पण...

वाटीतलं दूध कमी होईना.

चैत्रात पत्रा तापलेला, आणि बाज्याचं अंग रांजणागत गार.

तोंडाशी एक माशी बसत नव्हती.

धाप मात्र चालूच... एका ठेक्यात. मामा कामावर गेले तरी कानात तीच.

"सुटत का न्हाय ओ ह्यो?" मामी विचारायची. मामा त्याची कूस बदलायचे.

नवव्या दिवशी भर दुपारी ते पुन्हा दवाखान्यात गेले. तुम्ही जेवायला गेला होता. कंपाउंडरनं वही पुढं सरकवली.

"तुमचा कुत्रा तर कवाच गेलाय की, मिस्त्री."

त्या पहिल्याच सोमवारची नोंद, खाली तुमची सही. घरी भेट दिली. सुई दिली. शांतपणे गेला. घरामागच्या परड्यात पेरूखाली पुरला.

मामांनी वही त्याच्या अंगावर फेकली. बसल्या जागी भेटी लिहिणारी ही जात, म्हणून वाटभर शिव्या घातल्या.

पण घरी पोचल्यावर पाय परड्याकडंच वळले.

पेरूखालची माती... भुसभुशीत होती.

मामांनी खोरं मारलं. दोन हात खाली पट्टा लागला. मग बाज्या. वासावरून कळत होतं, आठवडा उलटून गेलेला.

मामा धावत घरात आले. मामी पोत्यापाशी बसून थोपटत होती.

पोत्यावर कुणीच नव्हतं. मधोमध नुसता खळगा...

आणि धाप ऐकू येत होती.

"हळू की वो. आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा."

याला नऊ वर्षं झाली. मामी अजून वाटी भरते. मी परवा गेलतो. पोत्याकडं पाठ करून चहा घेतला आणि निघालो.

साहेब, तुम्ही तिथं गेला नव्हता. तुमच्या बुडाला खुर्चीत मुळं फुटलेली, सगळं गाव जाणतं. मग सुई कुणी दिली? आणि पोत्यावर जे धापा टाकतंय, त्याला सोडवायला आता कोण येणार?

उत्तर द्या. लेखी द्या.