दुसऱ्या फेरीतली बोट

आमच्या हार्लोचा मोठा रस्ता तीन चौकांत संपतो, म्हणून चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक आम्ही दोनदा फिरवतो. पहिल्या फेरीत टॉफ्या हुकलेली पोरं दुसऱ्या फेरीत हात धुऊन घेतात. बाहेरगावचे हसतात. हसू देत. सव्वीस वर्षं मी गवताच्या गाडीवर उभा राहून माईकवरून एकेकाची ओळख करून देतोय, आणि हा दिवस मला नाताळाहून लाडका होता. होता म्हणतोय.

माझा धंदा बोटी भाड्यानं देण्याचा. बोटीच्या मागच्या बाजूला, बुडाशी, साचलेलं पाणी काढायला एक भोक असतं. बोट सरोवरात सोडताना त्यात बूच बसवायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या पितळी बुचांवर मी खिळ्यानं नंबर कोरतो. सात कोरताना हात घसरला होता, त्यामुळे त्याचा पाय पार कडेपर्यंत गेलेला.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मासेमारी खुली झाली, त्या सकाळी गिऱ्हाइकांची नुसती झुंबड. सात नंबर मी अर्नी कोस्केलाला दिली. बोट पळते तोवर पाणी आत येत नाही. थांबून गळ टाकला की भरायला लागते. बर्फ वितळून तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. त्या पाण्यात माणूस टिकणार किती? दुपारी अर्नी सापडला. बोट तळाला गेली ती गेलीच. संध्याकाळी रुमाल काढायला खिशात हात घातला, तर हाताला बूच लागलं.

दुसऱ्या दिवशी शेरीफनं विचारलं, "प्यायला होता का रे?"

मी म्हणालो, "जरा वास येत होता खरा."

अकरा वर्षं त्या माणसानं दारूच्या थेंबाला शिवलं नव्हतं. सांगतानाही लाज वाटते. बूच मी सरोवराच्या मधोमध टाकून आलो. गावानं चुकचुकत मान हलवली, आणि अर्नी दारुडा म्हणूनच पुरला गेला.

त्याची बायको वर्ना अजूनही मिरवणुकीच्या आदल्या दिवशी माझ्या गाडीसमोर दोन खुर्च्या मांडून जाते. मांडलेल्या खुर्चीला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. एकीत ती बसते. दुसरी रिकामी असते.

यंदा सकाळी मी उगाच आवाज चढवून म्हणालो, "वर्ना, बटाट्याचं सॅलड आणलंस ना? नाहीतर नाव घेणार नाही हं तुझं!"

"नको घेऊस," ती म्हणाली. "तू माईकवर म्हणशील ते गाव ऐकतं बाबा."

हसत होती ती. मी मात्र माईकची वायर तपासायला खाली वाकलो.

पहिली फेरी झकास झाली. बँड, जुने ट्रॅक्टर, गवत कापायच्या यंत्रांवर बसून गोल गोल फिरणारे आजोबा, चर्चच्या बायका. शेजारी बसलेली डोरिस एकेक कार्ड हातात देत होती, मी वाचत होतो. सगळ्यात शेवटी आगीचा बंब, पोरांवर पाणी उडवत. दुसरी फेरीही तशीच. बंब गेला.

बंबामागून एक बोट आली.

"डोरिस, पुढचं कार्ड?"

"संपली. बंब गेला की खेळ खलास. सव्वीस वर्षांत एवढंही लक्षात राहिलं नाही होय?"

"मग ही बोट कुणाची?"

"कुठली बोट?"

जुनी ॲल्युमिनियमची बोट, चाकांच्या गाड्यावर. ओढणाऱ्या ट्रकच्या काचेवर ऊन होतं, आतलं काही दिसेना. बोटीत कुणी नव्हतं. बाजूंना हिरवं शेवाळ धरलेलं. मागच्या भोकातून पाण्याची बारीक धार रस्त्यावर पडत होती. रस्ता बंबाच्या पाण्यानं आधीच भिजलेला, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटलं नसावं. वास मात्र तळच्या चिखलाचा होता, आणि भर उन्हात माझे हात गारठले.

लोक खुर्च्या मिटायला लागले होते.

बोट वर्नासमोर आली. रिकाम्या खुर्चीत काहीतरी टक्कन पडलं.

ट्रक सरोवराकडे वळला. पुढे काय झालं मी पाहिलं नाही. पाहवलं नाही.

वर्ना ते उचलून माझ्याकडे आली. तळहात पुढे केला.

"हे काय आहे रे, ऑर्विल? तुला बोटींतलं कळतं."

पितळी बूच. ओलं. पाय कडेपर्यंत गेलेला सात.

माईक हातात होता, चालूही होता. एक वाक्य बोललो असतो तर अर्नीवरचा डाग पुसला असता. अख्खं गाव समोर होतं.

"काय की," मी म्हणालो. "ट्रॅक्टरचं असेल काहीतरी."

रस्त्याच्या दोन्ही टोकांच्या कर्ण्यांतून माझं खोटं गावभर ऐकू गेलं.

वर्नानं मान डोलावली. "दुसऱ्या कुणाला विचारलं नाही मी. तीन वर्षं वाट पाहिली, तू आपणहून बोलशील म्हणून."

तिनं पर्स उघडली. आत एका रुमालात तीन बुचं होती. तिन्हींवर सात. तिन्ही सातांचा पाय कडेपर्यंत गेलेला. "दर चार जुलैला त्या खुर्चीत एक मिळतं."

चौथं तिनं त्यांच्यात ठेवलं आणि पर्स मिटली.

"पुढच्या वर्षी परत विचारीन," ती म्हणाली.

ती खुर्च्या उचलून निघून गेली. पर्समधून पाणी ठिबकत होतं.