व्हर्लनचा स्थिर हात

व्हर्लन स्टबलफील्डचा हात थरथरतो, हे टेनेसीच्या त्या डोंगराळ खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त व्हर्लनला मान्य नव्हतं. चर्चमध्ये कॉफी सांडली की तो कपाला दोष द्यायचा. अशा माणसाने पिस्तुलावर लेझर बसवून घेणं म्हणजे आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं. दुकानदार म्हणाला होता, छातीवर हिरवा ठिपका पाहिला की चोर आपणहून पळतो. घरच्या भिंतीवर तो ठिपका तापल्या तव्यावरच्या थेंबासारखा नाचत होता.

"हे बघून चोर पळायचा नाही, टाळ्या वाजवेल," अर्लीन म्हणाली. एकेचाळीस वर्षं संसार केलेली बायको, तिला कोण थांबवणार? तिने अट घातली. शनिवारी दुपारी घरातल्या बोळाच्या टोकाला कागदी प्लेट लावायची. रिकाम्या पिस्तुलाचा चाप दहादा ओढायचा. ठिपका एकदाही प्लेटबाहेर गेला, तर रविवारी जावई पिस्तूल घेऊन जाणार.

"ड्वाइट? त्याला कुत्र्याचा पट्टा धरता येत नाही!"

"पण हात थरथरत नाही त्याचा."

हे व्हर्लनच्या जिव्हारी लागलं. घर गावापासून अकरा मैलांवर. शेरीफची गाडी यायला पाऊण तास लागायचा. गुडघे गेले, कान गेले, नोकरी तर केव्हाच गेली; बायकोची राखण आपण करतो, एवढंच त्याच्यापाशी उरलं होतं.

रोज जेवण झालं की सराव सुरू. अर्लीन गोळ्या मोजून काढून घ्यायची आणि व्हर्लन बोळाच्या तोंडाशी उभा राहायचा. सोमवारी ठिपका प्लेटवर कमी आणि शेजारच्या येशूच्या तसबिरीवर जास्त पडला. बुधवारीही तेच रडगाणं.

गुरुवारी ठिपका प्लेटपर्यंत गेलाच नाही.

बोळाच्या मध्यावर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, तो हवेतच थांबला. तिथे भिंत नव्हती, खुंटी नव्हती, लोंबता कोट नव्हता. व्हर्लनने चष्मा पुसला. ठिपका तिथेच, आणि मुख्य म्हणजे अगदी स्थिर! मग तो कशावर पडलाय याच्या नसत्या चौकश्या कशाला? अर्लीनला त्याने हे कळूच दिलं नाही. खूप दिवसांनी त्याला खुशीत शीळ घालावीशी वाटली.

शनिवारी अर्लीन ॲप्रनसकट परीक्षक म्हणून शेजारी उभी राहिली.

"हे काय?"

"ठिपका. हलतोय का बघ."

"प्लेट तिकडे आहे, व्हर्लन."

"अंतराची अट नव्हती घातलीस."

"मी काय हवेची परीक्षा घेतेय?" अर्लीन तावातावाने म्हणाली. मग ती त्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिचा आवाज आपोआप चर्चमधल्यासारखा झाला. "माफ करा हं. जरा बाजूला होता का? आमची परीक्षा चाललीये."

ठिपका सुटला आणि प्लेटच्या मधोमध जाऊन बसला.



"एक," अर्लीन म्हणाली. टक. ठिपका जागचा हलला नाही. "दोन." टक. सहापासून तिचा आवाज बारीक होत गेला. दहा तिने नुसत्या ओठांनीच म्हटलं.

"जिंकलास," ती म्हणाली. "सांगते ड्वाइटला. ठेव आता खाली."

व्हर्लनने ठेवलं नाही.

"पुरे झालं मिरवणं."

"मी मघापासून ठेवायलाच बघतोय गं."

त्याच्या कपाळावर घाम होता. खांदा थरथरत होता, हनुवटी थरथरत होती. मनगट तेवढं थरथरत नव्हतं. अर्लीनने वाकून पाहिलं. त्याच्या फ्लॅनेलच्या बाहीवर, मनगटापाशी, ओळीने चार खळगे पडले होते. ती बघत असतानाच दुसऱ्या बाजूला पाचवा उमटला, अंगठ्याएवढा.

"अर्लीन," तो पुटपुटला, "आज गोळ्या मोजल्या होत्यास ना? तू स्वयंपाकघरात जा."

ठिपका प्लेटवरून निघाला. सावकाश, भिंतीभिंतीने, काहीही घाई नसल्यासारखा.

तो तिच्या ॲप्रनवर येऊन थांबला. जराही थरथरत नव्हता.