आपलं डोकं

रेवती भुयारचा डावा गुडघा सकाळपासून ठणकत होता, पण दुखणं तिचं नव्हतं. ते होतं चिखलदऱ्याच्या जलोपचार केंद्रातल्या गॅस हीटरचं. पक्षाघाताच्या रुग्णांना व्यायामासाठी तिथं कोमट पाण्याचा तलाव होता आणि तो कोमट ठेवायचं काम हा हीटर करी. परतवाड्याहून वर येताना गाडीतच तिनं पट्टा बांधला होता. घाट संपायच्या आत तिला समजलं, की तांब्याच्या नळ्यांत क्षार साचलेत.

या काळात यंत्रांची दुरुस्ती अशीच चाले. डॉ. सदानंद पळसुले यांनी शोधलेल्या या युक्तीचं नाव होतं परवेदना, म्हणजे दुसऱ्याचं दुखणं. यंत्रातले संवेदक जे टिपतील ते मनगटावरचा पट्टा मज्जातंतूंना टोचून सांगे, आणि काही आठवड्यांच्या सरावानं मेंदू त्याला शरीराची जागा देऊन टाकी. नळ्या म्हणजे गुडघे, पंप म्हणजे छाती, बर्नर म्हणजे डोकं. पट्टा काढला की दुखणं बंद. दुरुस्ती वेळेवर व्हायला लागली, कारण दुखणारा गुडघा घेऊन कुणी 'उद्या बघू' म्हणत नाही.

यातून तंत्रज्ञांच्या बोलण्यात एक गंमत शिरली होती. हाताखालच्या यंत्राला ते 'आपलं' म्हणत. "आपली छाती भरून आलीय" म्हणजे पंपात हवा धरलीय. 'माझं' कुणी म्हणतच नसे. कामावर असताना स्वतःचं काही दुखत नसतं, असं शिकवणाऱ्यांनीच त्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

योगायोग असा, की खुद्द पळसुले त्या आठवड्यात तलावावर होते, रुग्ण म्हणून. डावा हात अर्धांगानं लुळा पडलेला, सोबतीला काठी. रेवतीनं त्यांना पाहिलं आणि ती हरखलीच.

"सर, कडी ढिली झालीय याची. बघता का? तोवर हातानं साफ करते," असं म्हणून तिनं पट्टा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. गुडघा तत्काळ थांबला. ती उड्या मारतच हीटरच्या खोलीकडे गेली.

काम तिनं शिस्तीत केलं, हे सांगायलाच हवं. खोलीबाहेरचा गॅसचा कॉक बंद केला, हीटर निवू दिला, नळ्या घासल्या, बर्नरची भोकं ब्रशनं मोकळी केली. साबणाचं पाणी लावून गळती पाहिली, बुडबुडा आला नाही. मग कॉक उघडून ज्योत पेटवली. दरीतून वारा सुटला होता आणि ज्योत सारखी विझत होती. तलावात माणसं उतरलेली, पाणी गार झालं की त्यांचे आखडलेले स्नायू आणखी आखडणार. तिनं खोलीचं दार लावून घेतलं. ज्योत लागली. छपरावर धुराड्याच्या तोंडाशी गांधीलमाश्यांनी घर केलं होतं, ते मात्र खालून दिसत नव्हतं. वर चढून पाहायचं राहून गेलं.

इकडे बाकावर पळसुले पट्टा न्याहाळत बसले होते. तलावाची देखरेख करणाऱ्या नर्मदाबाई काळमेघ शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय हो डॉक्टर, घड्याळ होय का?"

"यंत्राचं दुखणं माणसाला कळवतं हे. बस चालवणाऱ्याला अरुंद गल्लीत बसच्या कडा आपल्या खांद्यासारख्या जाणवतात ना? मेंदू वस्तूला अंगात सामावून घेतो. मी फक्त त्यात दुखणं घातलं."

"म्हंजे हीटरचं दुखनं रेवतीले होते?"

"अगदी तसंच."

"अन् तिचं सोताचं दुखलं, त मंग तिले कसं समजते?"

पळसुले हसले. "कळतं हो. माणूस इतका खुळा नसतो."

"नाई, मले आपलं वाटलं," म्हणून नर्मदाबाई तलावाकडे वळल्या. पाण्यातून कुणीतरी ओरडलं, पाणी अजून गारच आहे म्हणून. त्यांनी भिंतीवरचा फोन उचलून हीटरच्या खोलीत लावला. आवाज बाकापर्यंत ऐकू येत होता.

"रेवती, काहून व इतका उशीर?"

"झालंच मावशी." तिचा आवाज जड होता. "आपलं डोकं लई धरलं. मळमळते पन. बर्नर असंल. करतो नीट अन् येतो."

पळसुल्यांना भरून आलं. आपलं डोकं! पट्टा एवढा अंगी लागला या पोरीच्या, की बर्नरची तक्रार ती आपल्या डोक्यासारखी बोलते. असं काहीतरी बघायलाच मी जगलो, असं त्यांना वाटलं. मग त्यांची नजर मांडीवर गेली.

पट्टा तिथं होता.

"नर्मदाबाई!" ते ओरडले. "ते तिचं डोकं आहे! तिचं स्वतःचं! धावा! आधी बाहेरचा कॉक बंद करा, मग दार सताड उघडा, आणि आत श्वास घेऊ नका!"

नर्मदाबाई धावल्या. पळसुले काठी टेकत मागं निघाले, आणि प्रत्येक पावलाला स्वतःला शिव्या देत राहिले. धुराडं तुंबलं की ज्योतीला हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात शिरून तो प्राणवायूची जागा बळकावतो, आणि त्याची सूचना माणसाला मिळते ती डोकेदुखीनं आणि मळमळीनं. रेवतीला ती मिळाली होती. तिनं ती बर्नरच्या नावावर घातली आणि बर्नरपुढं आणखी वाकली.

ते पोचले तेव्हा नर्मदाबाईंनी तिला पाय धरून ओढत दाराबाहेर आणलं होतं. तिच्या हातातला ब्रश अजून सुटला नव्हता.

परतवाड्याच्या दवाखान्यात तिला प्राणवायू लावला; पळसुले सोबत आले होते. दुपारी तिनं डोळे उघडले आणि मनगट खाजवायला सुरुवात केली. मग ती ते ओरबाडूच लागली.

"सर, पट्टा काढा ना. थांबतच नाही. डोकं फुटतंय."

"रेवती, पट्टा नाहीये. हे तुझं डोकं आहे."

"काढा ना सर!"

त्यांनी तिचं उघडं मनगट तिच्या डोळ्यांसमोर धरलं. तिनं पाहिलं, आणि तरी ती कण्हत राहिली. तिचे हाल त्यांना बघवेनात. शेवटी त्यांनी उजव्या हातानं तिच्या मनगटावरची नसलेली कडी सोडवली, नसलेला पट्टा उलगडला आणि उशाशी ठेवल्यासारखं केलं.

रेवतीचा चेहरा निवळला. "गेलं," ती म्हणाली.

पळसुल्यांना आधी बरं वाटलं, आणि मग आपण तिचं काय काढून घेतलं ते लक्षात आलं. डॉक्टरीणबाई नुकताच आलेला रक्ताचा अहवाल घेऊन आत आल्या. विष अजून खूप होतं, प्राणवायू रात्रभर लागणार होता.

"ताई, डोकं दुखतं का अजून?"

"अजिबात नाही," रेवती म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तिनं तोंडावरचा मास्क ओढून काढला आणि पाय पलंगाखाली सोडले. "जातो मी. पाणी गार पडलं असंल. मावशी वाट पाहत असंल."

डॉक्टरीणबाईंनी तिचे खांदे धरले. ती त्यांना ढकलत होती, हसत होती. ओठ मात्र पांढरे पडत चालले होते.

"तुला दुखतंय, रेवती! दुखतंय तुला!" पळसुले ओरडत होते.

"नाही हो सर. काहीच नाही."

त्यांनी पुन्हा तिचं मनगट पकडलं आणि एका हातानं ते त्या उघड्या कातडीवर तो नसलेला पट्टा बांधायचा प्रयत्न करू लागले.