वीस मिनिटे, भिंतीपलीकडून

घरी गिटार वाजवण्यासाठी एक लहानसा ॲम्प्लिफायर निवडायचा, एवढेच काम होते. लोककथांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या माणसाकडे हे काम कसे आले, ते आधी सांगितले पाहिजे. शेकडो भयकथा ऐकून मी एक निरीक्षण नोंदवले आहे: भीती कुठून सुरू झाली हे सांगताना सांगणारा जवळजवळ नेहमीच चुकीच्या जागी बोट ठेवतो. मीही बहुधा तसेच करणार आहे.

माझा धाकटा भाऊ पुस्तकबांधणी करतो. कागदाचे गठ्ठे कापणाऱ्या यंत्राचे पाते एके दिवशी त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर उतरले. बोटे राहिली, पण ती वळवणाऱ्या आतल्या कंडरा तुटल्या. शस्त्रक्रिया करून त्या शिवल्या आणि त्याला मी माझ्याकडे राहायला आणले. एका हाताने ना भाजी चिरता येत, ना शर्टाची बटणे लावता येत. बांधणीचे दुकान बंद होते आणि ते पुन्हा उघडायचे की नाही, हे त्या दोन बोटांवर अवलंबून होते.

हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाई स्पष्टवक्त्या होत्या. बोटे हलवली नाहीत तर आखडतील आणि फार हलवली तर शिवण तुटेल. ती दुसऱ्यांदा धरेल याची शाश्वती नाही, असे त्यांनी आम्हाला पहिल्याच भेटीत ऐकवले. धाकट्याने भीत भीत गिटारचे विचारले. कॉलेजात असताना घेतलेली एक इलेक्ट्रिक गिटार त्याच्याकडे होती. बाईंनी थोडा विचार केला आणि होकार दिला, कारण तिच्या तारा बारीक असतात व फार दाबाव्या लागत नाहीत. मात्र ती नुसती वाजवायची नाही, लहान का होईना, ॲम्प्लिफायरला जोडूनच वाजवायची. आवाज आला नाही की माणूस नकळत जास्त जोर लावतो. रोज सकाळी वीस मिनिटे, त्याहून एक मिनिटही जास्त नाही.

“आणि दुखलं की थांबायचं,” त्या म्हणाल्या. “दुखणं हा तुमचा पहारेकरी आहे. त्याच्याशी वाद घालायचा नाही.”

वाद्यदुरुस्तीचे एक दुकान आम्हाला कोणीतरी सुचवले होते. पुढे एक अरुंद खोली, मागे सामानाचे कोठार आणि सगळीकडे डाख देताना येतो तसला जळकट वास. मालकीण चष्मा कपाळावर चढवून कसलीशी तार जोडत बसली होती. आमची गरज ऐकून तिने तीन डबे काढले (ॲम्प्लिफायरला ती डबाच म्हणे) आणि मला थेट कोठारात पिटाळले.

समोर बसून सगळेच डबे गोड वाजतात, असे तिचे म्हणणे होते. घरासाठी घ्यायचा तर तो भिंतीपलीकडून ऐकावा. “वाजवणारा एक असतो, सहन करणारे चार. मी डबा त्या चौघांना विकते.”

मी खोक्यांच्या राशीत एका स्टुलावर बसलो. दार लोटून घेतले. पलीकडे धाकटा पहिल्या डब्यावर वाजवू लागला. त्या डब्याचा आवाज लहान ठेवला की तो गोधडीखाली बोलल्यासारखा दबून जाई. त्याला मोकळे व्हायला सगळी इमारत जागी करावी लागली असती. दुसरा इतका किरटा होता की तार नव्हे, डास वाजतो आहे असे वाटे, आणि वाजवणे थांबले तरी त्याची स्वतःची घरघर चालूच राही. तिसरा बुटांच्या खोक्याएवढा होता. कारखान्यातून आलेली त्याच्या वेष्टनाची चिकटपट्टी मालकिणीने आमच्यासमोरच कापली होती. हे मी मुद्दाम सांगतो आहे. जुन्या वस्तूबरोबर तिच्या जुन्या मालकाचे काहीतरी येते, असे सांगणाऱ्या कथा असंख्य आहेत. ही त्यांतली नव्हे.

तिसरा डबा बोलला आणि माझी पाठ ताठ झाली. अगदी हलका आवाज, तरीही प्रत्येक तार पुरती उमटत होती. अपघातानंतरच्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच धाकट्याचा हात अडखळत नव्हता. एक ओळ वाजवायचा, हात उचलायचा, पुढची ओळ सुरू करायचा. मधल्या जागेत डबा पूर्ण गप्प असे. ना घरघर, ना सरसर. मालकीण म्हणाली होतीच, की डबा बोलतो कसा हे सगळे बघतात, थांबल्यावर गप्प बसतो का ते बघा.

त्या गप्प जागेत कोणीतरी म्हणाले, “हं.”

मिटल्या ओठांनी, नाकातून. ना पुरुषाचा म्हणावा, ना बाईचा. गोष्ट ऐकणारा गोष्ट सांगणाऱ्याला देतो तसा हुंकार.

प्रत्येक ओळीनंतर तो येत होता. मी तो मालकिणीचा समजलो आणि मनातल्या मनात तिच्या विक्रीकौशल्याला दाद दिली. बाहेर आलो तर ती दुकानाच्या पायरीवर उभी राहून रस्त्यावरच्या कोणाला तरी पत्ता समजावून सांगत होती. बराच वेळ झाला असावा, कारण समोरचा माणूस तिसऱ्यांदा तेच विचारत होता.

“दादा, किती वेळ झाला?” धाकट्याने विचारले. घड्याळाप्रमाणे सोळा मिनिटे झाली होती. “कळलंच नाही रे. दुखलंच नाही.”

त्याचा चेहरा अपघातानंतर प्रथमच त्याचा स्वतःचा दिसत होता. मी तिसरा डबा बांधायला सांगितला.

आता माझ्या धंद्यातली एक शिस्त सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे घडले. कथा गोळा करणाऱ्याने सूचक प्रश्न विचारायचा नसतो. ‘तुम्हाला विहिरीपाशी कोणी दिसलं का?’ असे विचारले, की पुढच्या आठवड्यापर्यंत निम्म्या वस्तीला विहिरीपाशी कोणीतरी दिसलेले असते. म्हणून गप्प राहायचे. सांगणारा आपणहून सांगेल तेवढेच खरे. हा नियम मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवला. धाकटा त्यावरून माझी थट्टा करी. “दादाकडे भूत कधी येणार नाही. आलंच तर हा त्याला वय, व्यवसाय आणि राहण्याचं ठिकाण विचारेल.”

आमच्या घरात दोन खोल्या, मधे एक अर्ध्या विटेची भिंत. तो पलीकडे वाजवी, मी अलीकडे टेबलाशी घड्याळ घेऊन बसे. वेळ संपली की भिंतीवर दोनदा टिचकी मारायची, असे ठरले होते. पहिल्या सकाळी चौथ्या ओळीनंतर हुंकार आला. मी वही उघडली आणि वेळ लिहिली.

मला भीती वाटली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. वाटली ती उत्सुकता, आणि आज मला तिचीच अधिक लाज वाटते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून जे ऐकले, ते भिंतीपलीकडे सकाळच्या उजेडात घडत होते. धाकट्यालाही ऐकू येत असेल तर तो स्वतः बोलेल. मी विचारले, तर त्याची साक्ष बाटेल. मी विचारले नाही.

तो बोलला नाही. चहा पिताना तो आनंदात असे, बोटे वळवून दाखवी. व्यायामाच्या बाईंनी चौथ्या दिवशी हात तपासून समाधान व्यक्त केले. तेव्हा तो माझ्याकडे पाहून हसला, जणू त्यात माझाही वाटा होता. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

सहाव्या दिवशी मी टिचकी मारल्यावरही तो थांबला नाही. दोन मिनिटे जास्त झाली. “एवढं पुरं होऊ दे, दादा,” असे तो पलीकडून म्हणाला. नवव्या दिवशी सव्वीस मिनिटे. बाराव्या दिवशी चौतीस. वहीत हे सगळे आहे. हुंकार आता प्रत्येक ओळीनंतर नव्हे, अर्ध्या ओळीनंतरही येऊ लागले होते; ऐकणाऱ्याची उत्कंठा वाढली की येतात तसे. मी धाकट्याला रागावलो, नाही असे नाही. वीस म्हणजे वीस, असे बजावले. दुखते का, हेही विचारले. दुखत नाही म्हणाला, आणि ते खरेच असावे. पहारेकरी झोपला होता, किंवा कोणीतरी त्याला गोष्टीत गुंतवून ठेवले होते.

सोळाव्या सकाळी मी टिचकी मारलीच नाही.

याचे कारण लिहिणे कठीण आहे. हुंकार त्या दिवशी इतके दाटून येत होते, की मला ते कुठे जाऊन थांबतात हे पाहायचे होते. माझा उजवा हात वहीवर होता, डावा भिंतीपासून वीतभर अंतरावर. तीस मिनिटे. चाळीस. तो जे वाजवत होता ते मी कधी ऐकले नव्हते, त्यालाही ठाऊक नसावे. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला तारांवरून काहीतरी घसरल्याचा आवाज आला, आणि डबा आपल्या चोख सवयीप्रमाणे गप्प झाला.

मी उठलो. दारापर्यंत पोहोचलो. त्या शांततेत अगदी जवळून, अधीरपणे, कोणीतरी म्हणाले…

“मग?”

धाकटा गिटार मांडीवर घेऊन बसला होता. उजव्या हाताने त्याने डावे मनगट धरले होते. ती दोन बोटे सरळ उभी होती, आणि तो त्यांच्याकडे दुसऱ्या कोणाची असावीत तसा पाहत होता.

“‘मग?’ काय विचारतोस, दादा…” तो हळू आवाजात म्हणाला. “पुढचं आता नाही वाजवता येणार.”

मी दारात उभा होतो. माझे ओठ मिटलेले होते.

इस्पितळाच्या बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. हाताला पट्टी होती. डॉक्टरांनी सांगायचे ते सांगून झाले होते: शिवण पूर्ण फाटली होती, टोके आत ओढली गेली होती, पुन्हा जोडण्यासारखे फारसे उरले नव्हते. समोर एक बाई ओल्या फडक्याने फरशी पुसत होती. धाकटा तिच्या फडक्याकडे पाहत बोलत होता. लहानपणी तो गोष्टी सांगायचा आणि मी हुंकार द्यायचो, त्याबद्दल. ऐकणारा हं म्हणतो आहे तोवर सांगणाऱ्याने थांबायचे नाही, हे मीच त्याला शिकवले होते. भिंतीपलीकडून मी पुन्हा हुंकार देऊ लागलो, तेव्हा त्याला फार बरे वाटले होते. दुखत असले तरी लक्षात यायचे नाही. टिचकी मारूनही मी हं म्हणत राहतो, म्हणजे टिचकी नावापुरतीच आहे, अशी त्याची समजूत झाली होती.

“मी नव्हतो,” मी म्हणालो.

बाईने बादली पुढे सरकवली.

“मला वाटायचं, तुझ्या खोलीतून येतो,” मी म्हणालो.

“मला तुझ्या खोलीतून यायचा.” मग त्याने मान वळवली. “म्हणजे तू ऐकत होतास.”

“हो.”

“किती दिवस?”

“दुकानात होतो तेव्हापासून.”

“आणि बोलला नाहीस.”

त्यानंतर त्याने मला आजपर्यंत दोष दिलेला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

डबा मी दुकानात परत नेऊन दिला. मालकिणीने तो जोडला, सगळी बटणे फिरवली, थांबून ऐकले आणि यात काहीच दोष नाही असे सांगितले. मलाही तसेच वाटते. पहिल्या दोन डब्यांवर हुंकार आला नव्हता असे मी म्हणू शकत नाही. एक दबलेला होता, दुसरा घरघरत होता. तिसरा इतका चांगला होता की ऐकू आले, एवढेच.

गिटार आता कपाटावर आहे. बांधणीचे यंत्र विकले गेले. धाकटा मात्र सकाळी ठरलेल्या वेळी पलीकडच्या खोलीत त्याच खुर्चीवर बसतो, भिंतीकडे तोंड करून, दोन ताठ बोटांचा हात मांडीवर ठेवून. पहिले काही दिवस मी त्याला एकटे सोडले. मग एकदा दाराशी थांबलो, आणि तो म्हणाला, “हं.”

मला नव्हे. थोड्या वेळाने पुन्हा, “हं.” मधे एखादे वाक्य मावेल इतके अंतर. कधी लांब वाक्य, कधी आखूड. खोलीत दुसरा आवाज नव्हता. मी श्वास धरून ऐकले आहे, भिंतीला कान लावून ऐकले आहे, दोन्ही बाजूंनी.

परवा मी माझा नियम मोडला. सरळ विचारले, “काय ऐकतोयस?”

त्याने चांगला हात वर करून मला थांबवले. “मध्ये बोलू नकोस, दादा.” आवाजात राग नव्हता.

मी उभा राहिलो. त्याने आणखी तीन हुंकार दिले. चौथ्याच्या जागी हुंकार आला नाही. त्याच्या भुवया किंचित उंचावल्या आणि त्याने सावकाश वळून माझ्याकडे पाहिले. गोष्टीत नव्याने आलेले नाव आपल्या ओळखीचे निघाले, आणि तो माणूस खोलीतच उभा असला, की ऐकणारा त्याच्याकडे पाहतो, तसे.

मग तो पुन्हा भिंतीकडे वळला आणि म्हणाला, “मग?”