निनावी जोडी

"दुसऱ्याच्या पडद्यावर डोकावू नये, हे मला कळतं," शेजारचा तरुण म्हणाला, "तरीही... एक विचारू?"

तेजलने मान वर केली. येवल्याला निघालेली एसटी निफाड ओलांडून पुढे आली होती. भाद्रपदातला उतरता पाऊस काचेवरून तिरपा ओघळत होता, आणि त्याची थरथरती सावली तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर, तिने लिहिलेल्या ओळींवर हलत होती.

"विचारा. डोकावून तर झालंच आहे."

"या ओळीत तुम्ही दोन रंग एकत्र बांधलेत. मोरपंखी आणि राणी. यातला पहिला कोण?"

"पहिला उभ्या धाग्यांचा, दुसरा आडव्या. पैठणी आहे ही. गिऱ्हाईक दुकानात रंग निवडणार आणि ते रंग थेट मागावर पोचणार. माझे मामा विणकर आहेत, त्यांच्या गटासाठी हा प्रोग्रॅम करतेय."

"सुंदर. पण पहिला उभा, हे कुठे लिहिलंय?"

"मला माहीत आहे."

"आज माहीत आहे," तो हळुवारपणे म्हणाला.

"तुम्ही मास्तर आहात का हो?"

"दुर्दैवाने. नाशिकच्या तंत्रनिकेतनात प्रोग्रॅमिंग शिकवतो."

"तरीच. बस चालली आहे आणि तुमचा तासही."

तो हसला. त्याचे डोळे आधी हसले, ओठ मागाहून. "बुद्धभूषण," त्याने नाव सांगितलं. सावकाश, एकही अक्षर न गिळता. "येवल्याच्या मुक्तिभूमीजवळ आत्या राहते माझी. तिच्याकडे निघालोय."

विंचूरपर्यंत ती दोघं त्या दोन रंगांवर भांडत होती. तेजलने ते ज्यात बांधले होते त्याला टपल म्हणतात. एकमेकांशी नातं असलेली मूल्यं एकत्र ठेवायचं ते एक लहानसं गाठोडं. एकदा बांधलं की आतलं काही बदलता येत नाही. आणि आत कुणाला नाव नसतं. असते ती फक्त जागा. पहिली, दुसरी. तिला ते आवडायचं. त्याच्यात एक मितभाषी डौल आहे, असं तिला वाटे... न बोलता सोबत असण्याचा.

"थोड्या वाटेपुरतं सोबत जायचं असेल तर टपल पुरतो," बुद्धभूषण म्हणाला. "एका कामातून दोन उत्तरं आली, पुढच्या कामाला दिली, संपलं. पण ही जोडी तर दुकानातून निघून मागापर्यंत जाणार. वाटेत दहा हात लागणार तिला. तिच्यासाठी क्लास लिहा. आतल्या प्रत्येकाला नाव द्या."

"तेवढ्यासाठी? दोनच तर रंग आहेत."

"दोनच असले की अदलाबदल तर हमखास होते."

"बघू," ती म्हणाली. येवला आलं तेव्हा पाऊस थांबला होता, आणि आपला नंबर त्याला देताना तिला स्वतःचंच नवल वाटलं.

*

मग शनिवार येत गेले. गंगापूर रोडवरचा चहा, कधी सोमेश्वरपर्यंतचा फेरफटका, पुलाच्या कठड्यावर शेजारी ठेवलेले दोन हात; मध्ये एका बोटाचं अंतर, आणि त्या अंतराची दोघांनाही असलेली जाणीव. तो तिला 'तेजल' म्हणू लागला, 'तू' म्हणू लागला. ती त्याला 'तू' म्हणे, नावाने मात्र क्वचितच हाक मारे. इंदिरानगरच्या घरी फोनवर बोलताना आई विचारी, "कोण गं?" आणि तेजल म्हणे, "ऑफिसचं आहे."

एकदा तिचा फोन टेबलावर वाजला. तोच समोर बसून, गंमत म्हणून, तिला लावत होता. पडद्यावर उमटलं — येवला काम.

"अच्छा," तो म्हणाला. "म्हणजे मी काम आहे."

"महत्त्वाचं काम आहेस."

"पूर्ण कधी होणार?"

ती हसली, तोही हसला, पण या वेळी फक्त ओठ हसले. कपातली साय चमच्याने बाजूला सारत तो म्हणाला, "तेजल, मला घाई नाही. घरी सांगणं किती अवघड आहे, तेही मला कळतं. माझं नाव उच्चारलं की सगळं कळतं, जातही कळते. पण ते नाव माझ्या आजोबांनी विचार करून ठेवलं होतं. मला ते खिशात घालून फिरता येत नाही."

"मी कुठे म्हटलं खिशात घाल?"

"तू म्हणत नाहीस. तू फक्त... उच्चारत नाहीस."

"नाव दिलं की ते सगळ्यांना दिसतं," ती स्वतःशीच पुटपुटली.

"हो. द्यायचं ते त्यासाठीच."

बाहेर रिक्षांच्या दिव्यांत पाऊस पिवळा होऊन पडत होता. याला आपण गमावू, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. भांडण होणार नाही, आरोपही होणार नाहीत... आपण नाव टाळत राहू, आणि एक दिवस हा समोर नसेल.

*

पुढच्या रविवारी सकाळी प्रोग्रॅम तपासताना तेजलला चूक सापडली. दुकानासाठी तिने नवीन भाग लिहिला होता, आणि लिहिताना आधी आडवा रंग घेतला होता, मग उभा. मागाकडे जाणारा जुना भाग मात्र पहिला तो उभा असं धरून चालला होता. दोन्ही बाजू तिनेच लिहिल्या होत्या, आणि जोडी निमूटपणे उलटी होऊन निघून गेली होती. एका लग्नाची पैठणी होती ती. आडवा रंग विणताना बदलता येतो. उभे धागे मात्र एकदा मागावर चढले की शेवटपर्यंत तेच राहतात.

मामा फोन उचलेनात. कामाला बसले की ते तो कपाटात ठेवत. तिने बुद्धभूषणला फोन केला.

"आडगाव नाक्यावर ये," तो म्हणाला. "मोटारसायकल घेऊन येतो." 'मी सांगितलं होतं ना' हे वाक्य तो म्हणाला नाही; येवल्यापर्यंतच्या साऱ्या ओल्या वाटेवर एकदाही म्हणाला नाही. रेनकोट मात्र काढून तिला दिला.

खंडेरावमामा आणि सिंधुमामी मागाशी समोरासमोर बसून सांधणी करत होते. नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवताना जुन्या साडीच्या उरलेल्या एकेका टोकाला नवा धागा पिळून जोडतात. राखेत बोट बुडवायचं, दोन टोकं चिमटीत धरायची आणि एक पीळ द्यायचा, की दोन धाग्यांचा एक होतो. अर्धा माग राणी रंगाने भरून आला होता. मोरपंखी असायला हवा होता.

"काय गं तेजे? एवढ्या पावसात?" मामी उठत म्हणाल्या. "आणि हे पाहुणे?"

बुद्धभूषणने हात जोडले. तो तोंड उघडणार, इतक्यात तेजल घाईने बोलून गेली —

"हे भूषण सर. ऑफिसचे."

भूषण! नावाचा पहिला अर्धा भाग तिच्या जिभेने परस्पर गाळून टाकला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दिवा कमी करावा तसं काहीतरी मंद झालं होतं, इतकंच. "मी गाडी जरा आडोशाला लावून येतो," म्हणून तो बाहेर गेला. गाडी आडोशालाच होती.

"मामा, थांबा," ती म्हणाली. "रंग उलटे आलेत. उभा मोरपंखी हवा."

मामांची बोटं थांबली. त्यांनी सांधलेल्या धाग्यांवरून एकदा नजर फिरवली. "तुझ्याकडून तर असंच आलं. राणी आधी."

"चूक माझी आहे. कोणता कुठला, ते सोबत लिहिलंच नव्हतं मी. मनात धरलं होतं."

"मनातलं आम्हाला काय दिसणार, बाई?" मामा कुरकुरले. "लय कंबर मोडली सकाळपासून."

गल्लीतल्या दुसऱ्या घरात कुणाचा तरी माग खटखटत होता. पन्हाळीतून पाणी गळत होतं. आणि बाहेर एक माणूस आपल्या अर्ध्या नावानिशी पावसात उभा होता...

"मामा, त्यांचं नाव भूषण नाही," तेजल म्हणाली. तिला वाटलं त्याहून बरंच मोठ्याने. "बुद्धभूषण आहे. आणि ते ऑफिसचे नाहीत."

मामी अर्धवट उठल्या होत्या, त्या पुन्हा खाली बसल्या. मामांनी राखेची वाटी बाजूला सरकवली.

"मग मघाशी वेगळं कशाला सांगितलंस?"

"भ्यायले."

"कुणाला? मला?"

"नाहीतर काय मला?" मामी म्हणाल्या. "आरशात बघा एकदा स्वतःच्या मिशा."

मामा हसले नाहीत. त्यांनी बोटांवरची राख चोळून झाडली. "विचारतेस का सांगतेस?"

"सांगते आहे."

"तुझ्या आईला मी नाय सांगणार. ती आधी माझ्यावरच यील." ते थांबले. "पण तिनं विचारलं, तर खोटंबी नाय बोलणार. आता ते पोर भिजतंय का काय, बघ. चहा टाकील तुझी मामी. मग बसा दोघं हे सोडवायला, मी काही एकटा मरत नाय."

तो संमतीचा शब्द नव्हता. नकाराचाही नव्हता. तेजलने तो होता तसा घेतला.

*

बुद्धभूषण समोरच्या ओट्याच्या पत्र्याखाली उभा होता. केस कपाळाला चिकटलेले. तिला पाहून त्याने पाहिलं न पाहिलंसं केलं.

"अर्धा ताणा सोडवावा लागेल," ती म्हणाली.

"हं."

"क्लास लिहीन आता. उभ्याला उभा म्हणेन, आडव्याला आडवा."

"छान."

"मी मामांना तुझं नाव सांगितलं. पूर्ण."

"ऐकलं," तो म्हणाला. "सगळ्या गल्लीने ऐकलं. पलीकडच्या घरातला माग थांबला होता क्षणभर."

"अजून काय ऐकलंस?"

"एवढंच, की मी ऑफिसचा नाही." आता त्याचे डोळे तिच्याकडे वळले, आणि ते हसायच्या अगदी काठावर येऊन थांबले. "मामांना कळलं, मामींना कळलं, साऱ्या येवल्याला कळलं. मलाच तेवढं कुणी सांगितलं नाही. मग मी... कोणाचा?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. तेजलने त्याची ओली बाही चिमटीत धरली.

"माझा," ती म्हणाली. मग, त्याने दिलेली अक्षरं जपून परत करावीत तशी, "बुद्धभूषण, माझा आहेस तू."

बाहीवरची तिची बोटं त्याने आपल्या तळव्यात घेतली. ती गार होती.

"आणि इंदिरानगरला?" त्याने हळूच विचारलं.

"आज. इथून गेल्याबरोबर. आई रडेल बहुतेक. बाबा बोलणारच नाहीत... काय होईल ते मला खरंच माहीत नाही."

"मी येऊ सोबत?"

"ये," तेजल म्हणाली. "पण नाव मी सांगेन."