दादाच्या खुणेचे तुकडे

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शाळा लवकर सुटली, शब्द साधेच येतात. गोष्ट मात्र खरी आहे. रात्री गेटजवळ खुर्च्या टाकून बसलो की आमचे पहारेकरी मामा ती सांगतात. ज्याच्यावर बेतली, तो त्यांच्या रोजच्या ओळखीतला.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. रात्रीचे सव्वाअकरा. धाकटा, म्हणजे वरच्या ऑफिसात प्रोग्रॅम लिहिणाऱ्या दोघा भावांतला लहान, मामांकडून सर्व्हर-रूमची, म्हणजे मोठे कॉम्प्युटर ठेवलेल्या खोलीची, किल्ली घ्यायला आला.

"एकच आहे बाबा, हरवू नकोस."

"किल्ली नाही हरवत मामा. डोकं फिरलंय फक्त."

डोकं फिरायला कारण होतं. दूरच्या कॉम्प्युटरवरच्या फाइली आपल्याच मशीनवर असल्यासारख्या उघडून देणारा प्रोग्रॅम, त्याला ड्रायव्हर म्हणतात, त्याच्या थोरल्या भावाने, दादाने लिहिला होता. मार्चमध्ये दादा गेला. हृदयविकार. आणि आता तो ड्रायव्हर मेमरी घ्यायचा, पण परत करायचा नाही. घेत जायचा, घेत जायचा, शेवटी मशीन आडवं. तो वापरणाऱ्या एका दवाखान्यात भर दुपारी एक्स-रे उघडेनात. अडकलेल्या मेमरीच्या प्रत्येक तुकड्यावर, तो कोणाच्या कोडने घेतला याची खूण असते. सगळ्या खुणा दादाच्या.

"आमच्या दिवंगत सहकाऱ्याची चूक, असं उद्या दहाला दवाखान्याला कळवून टाकू," साहेब म्हणाले होते. "तू कशाला तापतोस? त्याला आता काय फरक पडतो?"

धाकटा दातओठ खात कामाला बसला. मेमरी दादाने घेतली, कबूल. पण ती परत जाताना वाटेत आडवं कोण आलं?

फाइल उघडता उघडता त्याने नेटवर्कची केबल उपसली. पडद्यावरचा अडकलेल्या तुकड्यांचा आकडा एकाने चढला. केबल लावली, पुन्हा उपसली. आणखी एक. म्हणजे संपर्क तुटला की गळती. पण हजारो ओळींत ती जागा कुठे? तो शोधत राहिला. साहेबांच्या नावाने बोटं मोडत राहिला.

दोन वाजता त्याने केबल लावून हात बाजूला घेतले.

आकडा चढला.

त्याने केबलकडे पाहिलं. जागेवर होती. तिच्याजवळचा हिरवा दिवा विझला. लागला. विझला... आकडा पुन्हा चढला.

दुसरं टोक सर्व्हर-रूममध्ये. कोणीतरी तिथून उपसत होतं.

"साहेब!" तो ओरडत धावला. "मेलेल्यावर ढकलता, वर पुरावा पण बिघडवता? या बाहेर!"

दाराला कुलूप. किल्ली त्याच्याच खिशात.

उघडलं.

कोणी नाही. सगळ्या केबली स्थिर. एकच झुलत होती...

त्याने मामांना फोन लावला. "वर कोण आलंय?"

"तू."

"आणखी?"

मामांनी गेटवरची वही पुन्हा पाहिली. मग हळूच, "...तूच. एकटा."

इथे आमच्यातला एक जण म्हणालाच, "उंदीर असेल हो मामा."

"उंदराला केबलची क्लिप दाबता येते का रे?"

धाकटा परतला, तर प्रोग्रॅम थांबलेला. प्रोग्रॅम अमुक ओळीवर थांबवायचा असेल तर तिथे लाल ठिपका लावतात. एक ठिपका लागला होता. त्याने लावला नव्हता.

ती ओळ सांगत होती, संपर्क तुटला तर इथूनच मागे फिर. मेमरी परत करणारी दादाची ओळ तिच्या लगेच खाली होती. तिथवर कोणी पोचतच नव्हतं. शेजारी, ती ओळ घालणाऱ्या साहेबांच्या नावाने टीप. "घाई आहे, तात्पुरतं." जानेवारीतली.

जानेवारीत दादा होता.

"तुला माहीत होतं!" धाकटा रिकाम्या खोलीवर ओरडला. "मग जिवंतपणी का नाही बोललास? घरी येऊन भिंतीकडे बघत जेवायचास! एकदा तरी भांडायचंस ना रे, दादा!"

सकाळी दहाला त्याने मशीन साहेबांसमोर ठेवलं. केबल त्यांच्या हातात दिली.

"ओढा."

साहेबांनी ओढली. आकडा चढला.

"आता म्हणा, चूक कोणाची?"

धाकट्याने मागे फिरवणारी ती ओळ त्यांच्यासमोर पुसली आणि दवाखान्याला फोन लावून, त्यांच्या देखत, खरं काय ते सांगितलं.

आता मेमरी पुरती परत येते. त्या जागी मोकळी ओळ आहे. तिच्यावरचा लाल ठिपका धाकट्याने किती वेळा काढला. काढला की जातो. फाइल बंद करून उघडली... कुठल्याही मशीनवर... की तिथेच.